स्टोन्स नदीकाठी जिंकलं कोण?

अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1862 सालच्या शेवटच्या रात्री, दक्षिणेचा जनरल ब्रॅक्स्टन ब्रॅग यानं टेनेसीतल्या स्टोन्स नदीकाठच्या मर्फ्रीझबरोहून आपल्या राजधानीला, रिचमंडला, तार केली. शत्रूनं आपलं मजबूत ठाणं सोडलंय, तो मागे हटतोय, देवानं आपल्याला सुखाचं नवं वर्ष दिलंय, असा तिचा आशय होता. त्या दिवशी रणांगण पाहिलेल्या कुणालाही हे खोटं वाटलं नसतं. उत्तरेच्या फौजेची अख्खी उजवी बगल सकाळच्या काही तासांत दोन-तीन मैल मागे रेटली गेली होती, तिच्या 28 तोफा दक्षिणेच्या हाती लागल्या होत्या आणि हजारो सैनिक कैद झाले होते. पण 3 जानेवारीच्या रात्री हाच ब्रॅग पावसाचिखलातून फौज घेऊन मर्फ्रीझबरो सोडून गेला. जखमींपैकी कितीतरी जण मागेच राहिले.

अमेरिकेच्या यादवी युद्धावरच्या बऱ्याच लिखाणात या लढाईपुढे ‘अनिर्णित’ असा शेरा असतो. कुणी थोडं पुढे जाऊन म्हणतं, की रणांगणावर बरोबरी झाली आणि डावपेचांच्या मोठ्या पटावर उत्तरेची सरशी झाली. मला हा शेरा पटत नाही. तीन हजारांच्या आसपास माणसं जागीच मेली, दोन्ही बाजूंचे मेलेले, जखमी आणि हरवलेले मिळून 23 हजारांवर गेले, ते सगळं झाल्यावर ‘बरोबरी’ म्हणून फाइल बंद करणं मला बरं वाटत नाही. इथे कुणीतरी जिंकलं होतं. ते कोण, आणि नेमकं कधी जिंकलं, हे शोधता येतं असं मला वाटतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. 1862 चा डिसेंबर हा लिंकनसाठी भयंकर महिना होता. 13 तारखेला व्हर्जिनियात फ्रेडरिक्सबर्गला उत्तरेची साडेबारा हजार माणसं पडली, तीही काहीही पदरात न पडता. 29 तारखेला मिसिसिपीच्या काठी व्हिक्सबर्गजवळ उत्तरेचा जनरल शर्मन याचा हल्ला फसला. नोव्हेंबरच्या निवडणुकांत लिंकनच्या पक्षाला फटका बसलाच होता. आणि 1 जानेवारीला गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा लागू व्हायचा होता. हरत चाललेल्या सरकारनं काढलेल्या अशा जाहीरनाम्याला कुणी किती किंमत दिली असती, हा प्रश्न वॉशिंग्टनमध्ये सगळ्यांच्याच मनात होता.

टेनेसीतल्याच नॅशव्हिलमध्ये उत्तरेचा जनरल विल्यम रोझक्रान्स फौज घेऊन बसला होता. ऑक्टोबरच्या शेवटी त्याला ही जबाबदारी मिळाली होती. लवकर हल ना, नाहीतर जागा सोड, अशा धमक्या वॉशिंग्टनहून येत होत्या. त्यानं मात्र रसद पुरेशी जमेपर्यंत पाऊल उचललं नाही. नाताळच्या दुसऱ्या दिवशी तो निघाला. नॅशव्हिलपासून मर्फ्रीझबरो तीस मैलांवर, म्हणजे साधारण पन्नास किलोमीटर. रोझक्रान्सकडे सुमारे 43 हजार माणसं होती आणि ब्रॅगकडे सुमारे 38 हजार. ब्रॅगची एक अख्खी डिव्हिजन दक्षिणेचा राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिस यानं नुकतीच काढून व्हिक्सबर्गकडे धाडली होती. ती मर्फ्रीझबरोला असती तर काय झालं असतं, या विचारात मी पडत नाही. त्या वाटेनं गेलं की कुठल्याच लढाईचा निकाल लागत नाही.

30 डिसेंबरच्या रात्री दोन्ही फौजा एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर उघड्या थंडीत झोपल्या होत्या. दोन्हीकडची बँडपथकं आपापली गाणी वाजवत होती, एकमेकांना डिवचतही होती. मग एका बँडनं घराच्या ओढीचं एक जुनं गाणं सुरू केलं. दुसऱ्या बाजूच्या बँडनंही तेच धरलं आणि दोन्हीकडचे हजारो सैनिक ते एकत्र गायले. ही हकिगत तिथे हजर असलेल्यांनी लिहून ठेवली आहे. ती वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं.

दोन्ही सेनापतींचा बेतही एकच होता: आपल्या डाव्या बाजूनं शत्रूच्या उजव्या बाजूवर तुटून पडायचं. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला असता तर दोन्ही फौजा गोल फिरल्या असत्या. ब्रॅगनं पहाटेची वेळ धरली आणि रोझक्रान्सनं न्याहारीनंतरची. सगळा फरक तिथेच पडला. सकाळी साडेसहाच्या सुमाराला ब्रॅगच्या हाताखालचा जनरल हार्डी याच्या सैनिकांनी धुक्यातून मुसंडी मारली, तेव्हा उत्तरेच्या उजव्या टोकाला चुलींवर कॉफी उकळत होती आणि तोफांचे काही घोडे पाण्यावर नेलेले होते. ती बगल कोसळली. बिजागरीवर दार फिरावं तशी उत्तरेची रांग मागे वळत गेली आणि दुपारपर्यंत नॅशव्हिलच्या रस्त्याला नि रेल्वेरुळांना पाठ टेकून उभी राहिली. ती वाट तुटली असती तर रसदही गेली असती आणि परतीचा मार्गही.

ती तुटली नाही, याचं मोठं श्रेय उत्तरेच्या फिलिप शेरिडनच्या डिव्हिजनला जातं. त्यानं आपली माणसं पहाटे चारलाच उठवून बंदुकांनिशी उभी केली होती. देवदारासारख्या दाट झाडीत, चुनखडीच्या भेगाळलेल्या खडकांमध्ये, ती माणसं काडतुसं संपेपर्यंत लढली. त्या एका दिवसात शेरिडनच्या तिन्ही ब्रिगेडचे प्रमुख मारले गेले. डिव्हिजनची तिसऱ्या हिश्श्याएवढी माणसं पडली. ती जागा आज ‘स्लॉटर पेन’ म्हणजे कत्तलीचा वाडा म्हणून ओळखली जाते.

मी ती जागा पाहिली आहे. नॅशव्हिलला माझा मावसभाऊ राहतो, त्याच्याकडे एका हिवाळ्यात गेले होते तेव्हा त्यानं गाडीनं तिथे नेलं. खडकांच्या भेगा इतक्या खोल आहेत, की कमरेपर्यंतचे खंदक कुणी खणून ठेवलेत असं वाटतं. पाय टाकताना खाली बघावंच लागतं. या भेगांमधून तोफा ओढायच्या, तेही मागून गोळ्या येत असताना, हे नकाशावरच्या बाणांकडे बघून कळत नाही. तिथे उभ्या उभ्या भावानं विचारलं, “ताई, पण शेवटी जिंकलं कोण?” फलकावर आकडे होते, तारखा होत्या, नावं होती. त्याच्या प्रश्नाचं थेट उत्तर नव्हतं. मी त्याला तिथे जे सांगितलं ते अर्धवट होतं, म्हणून आता सविस्तर लिहिते आहे.

त्या दिवशीची बिजागरी म्हणजे राउंड फॉरेस्ट नावाचा झाडांचा एक छोटा पुंजका. विल्यम हेझनची ब्रिगेड आणि तिच्या सोबतीच्या तुकड्या दिवसभर तिथून हलल्या नाहीत. सकाळी उत्तरेच्या फौजेनं जी रांग धरली होती, तिच्यातली संध्याकाळपर्यंत टिकलेली हीच काय ती जागा. ब्रॅगनं तिच्यावर एकामागून एक ब्रिगेड फेकली, पण एकत्र कधीच नाही. नदीपलीकडून दक्षिणेच्याच जनरल ब्रेकिनरिजच्या ब्रिगेड आल्या त्याही तुकड्यातुकड्यांनी, आणि तशाच कापल्या गेल्या. समोर न वेचलेल्या कापसाचं शेत होतं. चाल करून येणारे दक्षिणेचे सैनिक धावताधावता बोंडांतला कापूस ओरबाडून कानांत कोंबत होते, इतका तोफांचा आवाज होता.

रोझक्रान्स त्या दिवशी घोड्यावरून रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सतत फिरत राहिला. त्याच्या शेजारून चाललेल्या चीफ ऑफ स्टाफ ज्युलियस गारेशेचं डोकं तोफगोळ्यानं उडालं. जिवलग मित्राच्या रक्तानं भिजलेला कोट अंगावर तसाच ठेवून रोझक्रान्स हुकूम देत राहिला. त्याच्या डोक्यात सकाळी जो गोंधळ उडाला होता, तुकड्यांना जी उलटसुलट हाक दिली गेली होती, त्याबद्दल त्याच्यावर रास्त टीका होते. पण रांग नव्यानं बांधली ती त्यानंच. हेही त्याच पारड्यात टाकायला हवं.

आता ती रात्र. ब्रॅगनं तार लिहिली तेव्हा एका लाकडी खोपटात रोझक्रान्सनं आपल्या जनरलांना बोलावलं होतं. नॅशव्हिलला मागे फिरायचं की थांबायचं? जॉर्ज थॉमसनं काय उत्तर दिलं याच्या अनेक आवृत्त्या आहेत. कुणी सांगतं, मरायला याहून चांगली जागा नाही असं तो म्हणाला. कुणी सांगतं, ही फौज मागे हटत नाही एवढंच म्हणून तो परत झोपी गेला. शब्द कुठलेही असोत, निर्णय एक झाला. थांबायचं.

माझ्या मते लढाई इथे जिंकली गेली. 31 डिसेंबरचा दिवस ब्रॅगचा होता, यात शंका नाही. पण त्याचा सगळा हिशेब एका गोष्टीवर उभा होता: इतका मार खाल्लेली फौज रात्रीतून निघून जाईल. 1 जानेवारीला सकाळी त्यानं बघितलं तर ती जागच्या जागी होती. नॅशव्हिलच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगा चालल्याची खबर आली, तेव्हा त्याला वाटलं, चालले एकदाचे. त्या गाड्या जखमींना घेऊन चालल्या होत्या. दिवसभरात मोठी लढाई झालीच नाही. पुस्तकांत हा दिवस दोन ओळींत संपतो. मला मात्र तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्या दिवशी ब्रॅगकडे दुसरा बेतच नव्हता. रोझक्रान्सनं तेवढ्यात एक डिव्हिजन नदीपलीकडे पाठवून पूर्वेच्या काठावरची उंच जागा धरली.

2 जानेवारीला दुपारी चार वाजता ब्रॅगनं ब्रेकिनरिजला त्या टेकाडावर धाडलं. हा ब्रेकिनरिज 1861 पर्यंत अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष होता. हल्ला आत्मघातकी आहे हे त्यानं स्पष्ट सांगितलं होतं. हुकूम बदलला नाही. त्याच्या साडेचार हजारांनी टेकाड घेतलं, पळणाऱ्यांच्या मागे नदीपर्यंत उतरले, आणि पलीकडच्या काठावर कॅप्टन जॉन मेंडेनहॉलनं लावलेल्या 57 तोफांच्या तोंडी आले. तासाभरात 1,800 माणसं पडली. केंटकीच्या आपल्या पोरक्या ब्रिगेडची अवस्था बघून ब्रेकिनरिज ढसाढसा रडला, असं सांगतात.

मग पाऊस. स्टोन्स नदी फुगू लागली आणि आपली फौज दोन काठांवर तुटेल अशी ब्रॅगला भीती वाटली. हाती लागलेल्या कागदपत्रांवरून शत्रूची ताकद आपल्या अंदाजापेक्षा जास्त आहे असंही त्याचं मत झालं. हाताखालच्या जनरलांनी माघारीचा सल्ला दिला. 3 तारखेच्या रात्री तो निघाला.

आता हिशेब मांडायला बसलं की अडचण येते. मेलेले, जखमी आणि हरवलेले मोजले तर उत्तरेचं नुकसान जास्त, सुमारे 13 हजार. दक्षिणेचं दहा हजारांच्या थोडं वर. मैदान कुणाकडे राहिलं हे बघितलं तर उत्तरेकडे. ठरवलेलं काम झालं का हे विचारलं, तर रोझक्रान्सला टेनेसीतलं चट्टनुगा शहर हवं होतं आणि ते मिळायला सप्टेंबर उजाडला. जूनपर्यंत तो मर्फ्रीझबरोतच बसून राहिला. ‘अनिर्णित’ म्हणणारे याच गोष्टी पुढे करतात. त्या खऱ्या आहेत, पण त्यांचं वजन सारखं नाही. ब्रॅगचं काम फौजेला नॅशव्हिलकडे पिटाळून मध्य टेनेसी राखण्याचं होतं. त्याला ते साधलं नाही, आणि उलट शेतीनं समृद्ध असा मुलूखही गेला. रोझक्रान्सला निदान पाय रोवायला जागा मिळाली. हरलेल्यांना हे तेव्हाच कळलं होतं. जानेवारीतच ब्रॅगनं आपल्या जनरलांना पत्र लिहून विचारलं, तुमचा माझ्यावर विश्वास आहे का? हार्डी, ब्रेकिनरिज, क्लेबर्न यांनी उत्तर दिलं, की फौजेचा तुमच्यावरचा विश्वास उडाला आहे, तुम्ही बाजूला व्हावं. जिंकलेल्या छावणीत अशी पत्रं फिरत नसतात.

आणि लिंकन. 31 ऑगस्ट 1863 ला त्यानं रोझक्रान्सला लिहिलं, की गेल्या वर्षाच्या अखेरीला आणि या वर्षाच्या सुरुवातीला तुम्ही आम्हाला कष्टानं मिळवलेला विजय दिलात, तो मला कधीच विसरता येणार नाही. त्याऐवजी पराभव झाला असता तर देश त्यातून क्वचितच जगला असता. हे पत्र गेटिसबर्ग आणि व्हिक्सबर्ग जिंकल्यानंतरचं आहे. आता धोका टळलेला असताना, मागे वळून बघताना त्यानं हे लिहिलं. म्हणून मला ते खुशामतीचं वाटत नाही.

या युद्धाचा निकाल आपल्याकडेही कुणीतरी रोज मोजत होतं. दक्षिणेच्या बंदरांची कोंडी झाल्यावर लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मुंबईहून जाऊ लागला. खानदेश-वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, मुंबईत पैशाचा पूर आला, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्यांचे शेअर आकाशाला भिडले. युद्ध लांबेल तितका भाव टिकणार होता. राउंड फॉरेस्टसमोर जे बोंड सैनिकांनी कानांत कोंबलं, तेच पीक न विकलं गेल्यामुळे मुंबईत पेढ्या उभ्या राहिल्या. 1865 मध्ये युद्ध संपलं आणि 1 जुलैच्या सौदेपूर्तीला सगळा डोलारा कोसळला. प्रेमचंद रायचंदसारखा मुंबईतला बडा व्यापारीही त्यातून वाचला नाही. कुणीच जिंकू नये यात ज्यांचा फायदा होता, असे लोकही होते, आणि ते आपले होते.

पण त्याच भूमीतून पुण्याला बसलेल्या जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. या युद्धात काय पणाला लागलं होतं, ते त्यांना हजारो मैलांवरून स्पष्ट दिसत होतं. त्यांनी मैदान कुणी मारलं ते विचारलं नाही. माणसं सुटली का, ते विचारलं.

तोच प्रश्न मर्फ्रीझबरोला लावून बघावा म्हणून मी खोलात गेले, आणि एका गोष्टीनं चमकले. 1 जानेवारी 1863 ला मुक्तीचा जाहीरनामा लागू झाला तेव्हा दोन्ही फौजा टेनेसीत एकमेकींसमोर पडून होत्या, आणि टेनेसीच त्या जाहीरनाम्यातून वगळलेलं होतं. नॅशव्हिलमधला लष्करी राज्यपाल अँड्र्यू जॉन्सन यानं तशी गळ घातली होती. म्हणजे ज्या शेतात माणसं मरत होती, त्याच शेतात राबणारा गुलाम कागदावर गुलामच राहिला. टेनेसीच्या मतदारांनी गुलामगिरी रद्द केली ती फेब्रुवारी 1865 मध्ये.

पण कागदाच्या आधी जमीन हलली होती. रोझक्रान्सच्या फौजेनं मर्फ्रीझबरोत दोनशे एकरांवर पसरलेला मातीचा प्रचंड किल्ला बांधला. तो उभा करण्यात सैनिकांबरोबर कृष्णवर्णीय मजुरांचेही हात होते. आजूबाजूच्या मळ्यांवरून लोक पळून उत्तरेच्या छावणीच्या आसऱ्याला येऊ लागले. मालकांची फौज टलाहोमा गावाकडे गेलेली होती, त्यांना परत ओढून नेणारं जवळ कुणी नव्हतं. पुढे कृष्णवर्णीय सैनिकांची 111 वी पलटण उभी राहिली. तिनंच युद्धानंतर सगळ्या परिसरातले उत्तरेचे मृत उकरून त्या रणांगणावरच्या राष्ट्रीय दफनभूमीत रांगेनं पुरले. सहा हजारांवर थडगी आहेत तिथे. त्या पलटणीतल्या एका सैनिकानं नंतर हेझनच्या ब्रिगेडनं 1863 मध्येच बांधलेल्या स्मारकाला लागून जमीन विकत घेतली. गुलाम म्हणून जन्मलेल्या माणसानं राउंड फॉरेस्टला लागून स्वतःच्या नावावर जमीन घेतली आणि तो तिथेच पुरला गेला. माझ्या भावानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी आज द्यायचं ठरवलं तर याच माणसापासून सुरुवात करेन.

त्या परिसरात मुक्त झालेल्या कुटुंबांची एक वस्ती झाली, चर्च झालं, शाळा झाली. तिचं नाव ‘सिमेटरी’ असंच पडलं. 1927 मध्ये सरकारनं रणांगण जतन करायचं ठरवलं, आणि त्या कामासाठी वस्तीतल्या बऱ्याच कुटुंबांना जमिनी सोडून जावं लागलं. ही गोष्ट वाचली तेव्हा मला माझा निकाल फिरवावासा वाटला होता. मी तो फिरवला नाही. 31 डिसेंबरच्या रात्री मागे न फिरलेल्या फौजेनं जे मिळवलं, ते त्या कुटुंबांना दोन-तीन पिढ्या उपभोगता आलं. 1927 नंतरचा पराभव वेगळा आहे, त्याला जबाबदार माणसंही वेगळी आहेत, आणि त्याचा हिशेब ब्रॅग आणि रोझक्रान्सच्या खात्यात न टाकता स्वतंत्रच मांडावा लागेल.